दर्यासुराचा हात

थिएटरातले दिवे लागायच्या आधीच कालिंदीला कळून चुकलं होतं की आपली घोर फसवणूक झाली आहे.

'दर्यासुर' पुन्हा येणार, रंगीत येणार, कोट्यवधी रुपये ओतून येणार, असा गाजावाजा सहा महिने चालला होता. दादरपासून चिंचपोकळीपर्यंत गिरण्यांच्या बंद भिंतीसुद्धा पोस्टरांनी रंगल्या होत्या. आणि पडद्यावर काय? राक्षस आला तो मध्यंतरानंतर. तोवर नायिका चार वेळा भिजून नाचली होती. आला तेव्हा इतका अवाढव्य की त्याचं तोंड पडद्यात मावेना. त्यानं पाय आपटला की इमारत पडे, शेपूट हलवली की पूल पडे, आणि बघणाऱ्याच्या काळजात मात्र काही म्हणता काही हलत नव्हतं. कालिंदीची दुकानातली मैत्रीण ललिता तर तिच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती.

कालिंदी तेवढी नेट धरून बसली होती, कारण शेवट यायचा होता. जुन्या, काळ्यापांढऱ्या 'दर्यासुरा'चा शेवट तिनं लहानपणी पाहिला होता आणि तो तिच्या मनातून कधी गेला नव्हता. दर्यासुर दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीला अलगद खडकावर ठेवतो, छातीपर्यंत पाण्यात शिरतो... आणि मग थांबून, वळून, एक हात वर करतो. बस्स, एवढंच. त्या रात्री ती अंथरुणात तोंड खुपसून रडली होती.

नव्या सिनेमात चार हेलिकॉप्टरं आली, धडाधड बॉम्ब पडले, राक्षसाच्या चिंधड्या उडाल्या आणि पडद्यावर नावं सरकायला लागली.

"आणि हात?" कालिंदी न राहवून मोठ्यानं बोलली.

"अरे, हात कुठाय?" त्याच क्षणी मागच्या रांगेतून एक आवाज आला.

ती वळली. मागं एक उंच, सावळा तरुण अर्धवट उभा राहिला होता. तोंडावर असा भाव, की भर पंक्तीत याच्याच पानावरची जिलबी कुणीतरी उचलली आहे. दिवे लागले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं.

"तुम्ही जुना बघितलाय?" त्यानं विचारलं.

"पाठ आहे मला."

"मग सांगा ना, काय होता तो शेवट! पाण्यात उभा राहतो, वळतो, आणि डावा हात—"

"उजवा."

"काय?"

"उजवा हात वर करतो. डावा नाही."

"मॅडम, डावा. आईची शप्पत."

"आईला कशाला मध्ये आणता? उजवाच." कालिंदीनं पर्स खांद्याला अडकवली. "मी दिवसभर लोकांना 'डावा झाका, उजवा झाका' हेच सांगत असते. माझी चूक व्हायची नाही."

"पीटी शिकवता काय?"

"चष्म्याच्या दुकानात आहे. दादरला, कबुतरखान्याच्या मागच्या गल्लीत."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. जिना उतरताना ललिता डोळे चोळत म्हणाली, "तू त्याला पत्ता दिलास गं."

"पत्ता नाही दिला. दिशा सांगितली," कालिंदी म्हणाली आणि उगाचच भरभर चालायला लागली.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी श्रावणातली एक सर येऊन गेली, ऊन पडलं, आणि दुकानाच्या दारात तो उभा. शर्टाचा एक खांदा भिजलेला.

"डोळे तपासायचेत," तो गंभीरपणे म्हणाला. "एक बाई म्हणतात मला डावं-उजवं कळत नाही."

"बसा," कालिंदी त्याहून गंभीरपणे म्हणाली. "डावा डोळा झाका. डावा म्हणजे— हा." तिनं त्याच्या हातात झाकणी दिली. बोटांना बोटं लागली आणि ती दचकली. "केवढे गार हात!"

"बर्फाचा टेम्पो चालवतो. भाऊच्या धक्क्यावर, मग बाजारात... दिवसभर लाद्या उचलायच्या. माझे हात मे महिन्यातपण असेच असतात."

"वाचा."

त्यानं वरपासून खालपर्यंत सगळं धडाधडा वाचलं. अगदी खालची बारीक ओळसुद्धा, जी खुद्द दुकानाच्या मालकांना वाचता येत नसे.

"डोळे तर चांगले आहेत," ती नाराजीनं म्हणाली.

"मग डावाच ना?"

बोलता बोलता कळलं की तो रघू, माहीमच्या कोळीवाड्यातला. आणि आई? आई शेवंता, लालबागला मासळी विकते.

"म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसते ती शेवंतामावशी? तिचा तू— तुम्ही..."

"तूच बरं वाटतं," रघू म्हणाला. "आणि सिनेमा मी तुमच्याच गल्लीत बघितला. गणपतीत, रस्त्यावर पडदा लावून. संपाच्या वर्षी."

कालिंदी बघतच राहिली. तिनंही तो तेव्हाच पाहिला होता. त्या वर्षी गिरण्यांचे भोंगे बंद, घराघरात चुली मंद. मंडळाची मूर्ती छोटी, रोषणाई नाही, काही नाही. तेव्हा प्रोजेक्टरवाले दौलतकाका आपण होऊन मशीन घेऊन आले होते. म्हणाले होते, पोरं तरी हसूदेत. मग तोच पडदा, तीच संध्याकाळ, तोच दर्यासुर... आणि हात मात्र दोन?

तुमच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. त्या दोघांच्या आलं नाही. प्रेमात पडायला लागलेल्या माणसांना सोप्या गोष्टी उशिरा कळतात.

"पैज," कालिंदी म्हणाली. "जुना सिनेमा शोधायचा. चुकेल त्यानं आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकायचं."

"आयुष्यभर?" रघूनं भुवया उंचावल्या.

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे... सिनेमाच्या बाबतीत," ती पुटपुटली.

त्यानंतर बर्फाचा टेम्पो दादरच्या त्या गल्लीतून वारंवार जायला लागला. वाट वाकडी होती, पण रघूला ती सरळच वाटायची. कधी तो रस्त्यापलीकडून नुसता डावा हात वर करी. कालिंदी काचेआडून उजवा करी. मालक विचारत, कोण आहे? ती सांगे, गिऱ्हाईक आहे, नंबर सारखा बदलतो त्याचा.

घरी मात्र वेगळीच तयारी चालली होती. कालिंदीचे वडील गुणाजी एके काळचे साचेवाले, गिरणीत मागावर काम करणारे. संपानंतर गिरणी परत उघडलीच नाही, तेव्हापासून ते एका इमारतीच्या दारावर रखवालीला बसत. स्वभाव करारी, शब्दाला पक्के. त्यांनी डोंबिवलीचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, माणसं आपल्यातली. गौरीगणपती झाले की सुपारी फोडायची, असं अर्धं बोलणंही झालं होतं. रविवारी तो मुलगा चहाला आला.

"सिनेमे बघता?" कालिंदीनं विचारलं.

"हो! 'दर्यासुर' दोनदा बघितला. काय बॉम्ब, काय हेलिकॉप्टरं! पैसे वसूल."

"जुना पाहिलाय?"

"तो रबराचा माणूस? छे! हसायला येतं."

कालिंदीनं चहाची बशी शांतपणे खाली ठेवली. मुलगा वाईट नव्हता बिचारा. पण तिच्या मनात त्या क्षणी काहीतरी खट्‌कन बंद झालं आणि दुसरं काहीतरी उघडलं. ह्याच्याशी नाही. रघूशी. विचार इतका स्वच्छ होता की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

पाहुणे गेल्यावर तिनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. गुणाजी आधी हसले. "सिनेमावरसून कोण लगीन मोडता गो?" मग रघूचं नाव निघालं आणि हसू मावळलं. "त्या शेवंताचो झील? कोळणीचो? लोकांका काय सांगू मी?"

आई रखमा पोळपाट पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "संपात कोणाचे बांगडे शिजवले आपण? सकाळी उंबऱ्यात फडक्यात बांधून कोण ठेवून जायचं? तेव्हा नाही लोकांना काय सांगू म्हणालात."

 गुणाजींनी नुसती टोपी उचलली आणि ते ड्यूटीला गेले. पण 'नाही' हा शब्द घरात तसाच राहिला.

तुम्हाला वाटेल, कालिंदी आता रडत बसली असेल. रडणारी पोर नव्हती ती. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि दुसऱ्या दिवशी रघूच्या टेम्पोत जाऊन बसली. "चल अँटॉप हिलला. दौलतकाका तिकडं राहतात. रीळ त्यांच्याकडंच असणार."

"आणि मिळालं तर?"

"तर गल्लीत पडदा लागेल. सगळ्यांसमोर फैसला."

"कशाचा? हाताचा?"

"सगळ्याचाच," ती म्हणाली. मागं बर्फ वितळून थेंब थेंब रस्त्यावर सांडत होता. रघूनं वेग कमी केला.

"कालिंदी... तुझे बाबा नाही म्हणाले ना? आई सांगत होती. सगळ्या बाजाराला माहीत आहे. मी म्हणतो, तुला त्रास नको. डोंबिवली काय वाईट..."

"टेम्पो थांबव."

"अगं—"

"थांबव आधी." त्यानं थांबवला. "पुन्हा डोंबिवलीचं नाव काढलंस तर इथंच उतरेन. तुला मी नको असेन तर तसं सरळ सांग."

रघूनं स्टिअरिंगवरचे हात घट्ट केले. "तू नको असशील तर माहीमवाला माणूस रोज कबुतरखान्याला वळसा कशाला घालेल गं?"

"मग चालव," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली, म्हणजे त्याला तिचं हसू दिसू नये. ते आरशात त्याला चांगलं दिसत होतं.

दौलतकाका म्हातारे झाले होते, पण रीळ होतं. गोल पत्र्याच्या डब्यांत, कपड्यात गुंडाळून, पलंगाखाली. "खोलीत लावून नाही दाखवणार," ते म्हणाले. "हा सिनेमा दोघातिघांनी बसून बघायचा नाही. गल्ली भरव, पडदा लाव, मग मशीन घेऊन येतो."

मंडळाच्या पोरांना ऑर्केस्ट्रा हवा होता. कालिंदी सलग दोन संध्याकाळी मंडपात जाऊन बसली. भांडली, समजावलं, कुणाच्या आजीला मध्ये घातलं, कुणाला चष्म्यात सूट देते म्हणाली. शेवटी अध्यक्षानं हात जोडले. "घे बाई, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ तुझी."

त्या संध्याकाळी आरती झाली आणि ह्या चाळीच्या गॅलरीपासून त्या चाळीच्या गॅलरीपर्यंत पांढरा पडदा ताणला गेला. कित्येक वर्षांनी गल्ली चटयांनी भरली. मंडपाच्या बाजूला पुढं खुर्च्या. तिथं गुणाजी इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते आणि त्यांच्या शेजारी डोंबिवलीची मंडळी. गुणाजींनी मुद्दाम बोलावली होती. उद्या विसर्जन, परवा, पितृपक्ष लागायच्या आत, सुपारी. कालिंदीची खुर्चीही त्यांच्यातच ठेवलेली होती. ती बसली, पण नजर भिरभिरत होती. रघू येतो म्हणाला होता. कुठं दिसत नव्हता.

मशीन खरखरलं. दर्यासुर पाण्यातून वर आला. त्याच्या पाठीवरची चेन दिसली, तशी पोरं खिदळली. डोंबिवलीचा मुलगाही हसला. मग हळूहळू हसू विरत गेलं. रबराच्या त्या मुखवट्यामागं कुठल्याशा माणसाचे डोळे होते आणि ते डोळे खरे होते. गल्ली चिडीचूप झाली. त्यानं मुलीला खडकावर ठेवलं. पाण्यात शिरला. थांबला. वळला...

हात वर आला. उजवा!

कालिंदी ताडकन उठली. तिला ओरडायचं होतं, पण ज्याच्यासमोर ओरडायचं तोच नव्हता. माणसं टाळ्या पिटत होती. "वन्समोर! वन्समोर!" अशी आरोळी उठली आणि दौलतकाका रीळ मागं फिरवायला लागले. जुनी रीतच होती ती. आवडलेला तुकडा गल्ली पुन्हा बघितल्याशिवाय सोडत नसे. तेवढ्यात पडद्याच्या खालच्या कडेतून कालिंदीला पलीकडे बसलेल्या माणसांचे पाय दिसले. ती पडद्याला वळसा घालून धावली.

पलीकडेही गल्ली भरली होती. हमाल, भाजीवाली, बंद गिरणीचा पहारेकरी, फूटपाथवरचे चांभारकाका. भिंतीला टेकून शेवंतामावशी पाय पसरून बसलेली, आणि तिच्या शेजारी जमिनीवर रघू.

"जिंकले मी!" कालिंदी धापा टाकत म्हणाली. "उजवा! बघितलास ना?"

"काय उजवा? आत्ता तर डावा केला त्यानं."

"डोळे फुटले का तुझे?"

"तूच तपासलेस. बघ, लावताहेत पुन्हा."

ती वळून बघायला लागली. पडद्यावर एक पाटी आली. तिची सगळी अक्षरं उलटी होती. कालिंदीचं तोंड उघडं राहिलं.

"रघू... तुम्ही दोघं त्या वर्षीपण इकडंच बसला होतात?"

"आम्ही इकडंच बसायचो नेहमी. अक्षरं उलटी असतात ते कुणाला माहीत? मला वाचायला कुठं येत होतं तेव्हा!"

"पण इकडं का?"

शेवंतामावशी हसली. "टोपली असायची ना माझी. गणपतीसमोर मासळीची टोपली कशी चालंल गो? तुझ्या बापानं सांगितलं, शेवंता, तू पलीकडे बस. वाईट नव्हता बोलला. आता टोपली आणत नाय, पन पाय आपसूक इकडंच येतात."

कालिंदीनं मावशीकडं पाहिलं. जिच्या फडक्यातले बांगडे खाऊन आपण संप काढला, ती पडद्यामागं. आणि आपण पुढं बसून म्हणतोय, हात उजवाच. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ तिचा तो जुना हट्ट उसळून आला.

"सरक," ती रघूला म्हणाली.

"काय?"

"सरक म्हटलं. मला बसायचंय."

"इथं? अगं, तुझी खुर्ची पलीकडे... ती माणसं आलीयत. सगळी गल्ली बघतेय."

"बघूदे. त्यासाठीच तर पडदा लावला." ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली, चांगल्या साडीची पर्वा न करता. "ऐक, एकदाच सांगते. माझं तुझ्यावर प्रेम आहे. मला तुझ्या बाजूनं बघायचंय, आजपासून कायमचं. हात डावा दिसला तरी चालेल."

 "माझे हात गार आहेत गं," रघू कसंबसं म्हणाला.

"माहीत आहे." तिनं स्वतःचा हात पुढं केला.

तेवढ्यात पडद्याच्या कडेला गुणाजी येऊन उभे राहिले. मुलगी खुर्चीवरून उठून गेली, परत आली नाही, तेव्हा ते शोधत आले होते. कपाळाला आठ्या. त्यांनी कालिंदीकडं पाहिलं, रघूकडं पाहिलं, दोघांच्या गुंफलेल्या हातांकडं पाहिलं. कालिंदीनं हात सोडला नाही. ती त्यांच्याकडं तशीच बघत राहिली.

त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि मागं पडद्यावर दर्यासुर वळला. गुणाजींची नजर तिकडं गेली. हात वर आला.

"डावो?" गुणाजी म्हणाले. आठ्या विस्कटल्या. ते दोन पावलं पुढं आले. "हयसून डावो दिसता?"

 गुणाजींनी सावकाश मान वळवून शेवंतामावशीकडं पाहिलं. "शेवंता... इतकी वर्सां तू असोच बघलंस?"

"असाच. पन रडू तेवढंच येतं," मावशी म्हणाली.

 पलीकडे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, डोंबिवलीची मंडळी कुजबुजत होती. मग गुणाजींनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर हात टेकला आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी मावशीच्या चटईच्या कडेला जमिनीवर बसले. "त्यांका मी सांगतंय काय सांगूचा ता," ते कालिंदीकडं न बघता म्हणाले. मग चहा आणायला पडद्यापलीकडं मोठ्यानं हाक दिली, "रखमा! च्या हयसर हाड. आणि तू पण ये."

मावशीनं पाय आवरून त्यांना जागा केली.

"दौलत!" गुणाजी पुन्हा ओरडले. ह्या वेळी आवाज जरा चिरका होता. "वन्समोर!"

रीळ मागं फिरलं. पाणी उलटं वाहिलं, दर्यासुर उलटा चालत खडकापर्यंत गेला आणि पुन्हा पाण्यात शिरला. सगळी गल्ली, दोन्ही बाजूंची, श्वास रोखून त्या हाताची वाट बघायला लागली. कालिंदी बघत नव्हती. तिच्या मुठीतला रघूचा गार हात हळूहळू ऊबदार होत चालला होता. तो त्याचा डावा होता की उजवा, हे त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर चष्म्याच्या दुकानातल्या त्या हुशार मुलीला अजिबात सांगता आलं नसतं.